कागद हाय, पर गावत न्हाय

गेल्या वैशाखातली गोष्ट. कोयनानगरला भात रोपवाटिकेची बैठक आटोपून मी टपरीवर चहा घेत होतो. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेले एक आबा नातवाला घेऊन आले. नातवाच्या हातात पत्र्याची पेटी होती. आबांचे मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात. धरणाच्या पाण्यात गाव गेले तेव्हा वडिलांचे बोट धरून ते बाहेर पडले. आता घर सांगली जिल्ह्यात आहे, पण कागदांसाठी पाटण आणि साताऱ्याच्या खेपा चालूच आहेत.

"साहेब, कागद हाय, पर गावत न्हाय," आबा म्हणाले.

त्यांचे म्हणणे असे. बुडालेल्या जमिनीची आणि तिच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीची एक छापील यादी घरात होती. तिच्यात आबांच्या वडिलांचे नाव, जुना सर्व्हे नंबर आणि क्षेत्र होते. पेटीतले कागद कसर लागून चालले म्हणून नातवाने सगळे स्कॅन करून घेतले. साडेतीनशे पानांची एकच पीडीएफ झाली आणि मोबाइलमध्ये येऊन बसली. आता त्या साडेतीनशे पानांत ती यादी कुठे आहे ते कळेना. नातवाने शोधायच्या चौकोनात आजोबांच्या वडिलांचे नाव टाकले, तर मोबाइलने सांगितले, काही सापडले नाही.

"म्हणजे कागदात नाव न्हाईच का?" आबांनी विचारले. त्यांचा चेहरा उतरला होता.

शेतकरी बंधुभगिनींनो, ही अडचण एकट्या आबांची नाही. आज घरोघरी कागदांचे फोटो निघतात. कागद मोबाइलमध्ये आला म्हणजे काम झाले असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिथे निम्मेच काम झालेले असते. राहिलेले निम्मे कसे करायचे, ते आज सांगतो.

फोटो वेगळा, अक्षर वेगळे

स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्यात अक्षरे दिसतात ती आपल्याला, कारण आपण शाळेत जाऊन वाचायला शिकलो. संगणकाला मात्र तिथे काळे आणि पांढरे ठिपके दिसतात. एसटीच्या पाटीकडे निरक्षर माणूस पाहतो, त्याला रंग दिसतो, रेघा दिसतात, पण गाडी कऱ्हाडची की चिपळूणची ते कळत नाही. फोटोपुढे संगणकाची गत तशीच. म्हणून आबांच्या मोबाइलने "सापडले नाही" म्हटले त्याचा अर्थ नाव नाही असा नव्हता. त्याला वाचताच येत नव्हते, एवढाच होता.

फोटोतली अक्षरे ओळखून ती टाइप केलेल्या मजकुरासारखी करणारी एक सोय आहे. तिला ओसीआर म्हणतात. आपण तिला अक्षर-ओळख म्हणू. या सोयीने पानाचा फोटो आहे तसाच राहतो आणि त्याच्या खाली न दिसणारी अक्षरे बसवली जातात. मग नाव टाकले की संगणक नेमक्या पानावर नेऊन त्या शब्दावर पिवळा पट्टा दाखवतो.

यंत्र वाचते कसे

ही कल्पना नवी नाही. १९७६ साली अमेरिकेत रे कुर्झवाईल यांनी अंध माणसांना छापील पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र लोकांपुढे आणले. त्याच्या पोटात अक्षर-ओळखच होती. पुढे ह्यूलेट पॅकार्ड या कंपनीत टेसरॅक्ट नावाची प्रणाली तयार झाली. २००५ साली ती सगळ्यांना फुकट वापरायला खुली झाली. आज तिला मराठीही वाचता येते.

इंग्रजी छपाईत अक्षरे सुटी असतात. पाटावर मांडलेल्या सुपाऱ्यांसारखी एकेक उचलून पाहता येतात. आपल्या देवनागरीत सगळी अक्षरे वरच्या रेघेला लटकलेली असतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. वर वेलांटी, खाली उकार, मध्येच जोडाक्षर. एक अक्षर कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हेच जुन्या यंत्रांना कळत नसे. अलीकडच्या प्रणाली एकेक अक्षर न तोडता अख्खी ओळ एका दमात वाचतात. हजारो ओळींचे नमुने दाखवून त्यांना शिकवलेले असते. मूलही असेच शिकते. आधी अक्षरे जुळवते, मग सरावाने सबंध शब्द ओळखते. टेसरॅक्टमध्ये ही पद्धत २०१८ साली आली आणि मराठीचे वाचन बरेच सुधारले.

तरीही चुका होतात. ब आणि व, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत गल्लत होते. ख चे र आणि व असे दोन तुकडे होतात. यंत्राने शंभरातली अठ्ठ्याण्णव अक्षरे बरोबर वाचली असे धरले, तरी दोन हजार अक्षरांच्या पानात चाळीस चुका राहतात. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्या खोऱ्याला याची गरज का

कोयनेचे धरण एकोणीसशे पन्नासच्या दशकात सुरू झाले आणि १९६२ साली पोफळीची वीज वाहू लागली. शिवसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसे सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे, रत्नागिरी आणि आताच्या रायगड जिल्ह्यांत विखुरली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली, म्हणजे कोयनेची गावे उठल्यानंतर. त्यामुळे पूर्वी कुणाला काय दिले आणि काय राहिले, हे ज्याच्या त्याच्या कागदांवर येऊन थांबले. त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. शंभराहून अधिक माणसे गेली, घरे बसली. जिथे माणसांची ती दशा, तिथे कागदांची काय कथा?

वरून आमच्याकडचा पाऊस. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. माळ्यावरच्या पेटीतला कागद चार पावसाळ्यांत गळून पडतो. २०१८ साली धरणग्रस्तांनी कोयनानगरला मोठे आंदोलन केले, तेव्हाही प्रश्न तोच होता. कोणाची किती जमीन गेली आणि कोणाला किती मिळाली, त्याची संकलनात नोंद हवी. नोंदीला आधार हवा. आधार म्हणजे कागद.

जमिनीचे नंबरही बदलत गेले. १९४७ च्या कायद्याने तुकडेजोड आणि एकत्रीकरण सुरू झाले आणि गावोगावी जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजोबाच्या कागदावर एक नंबर आणि नातवाच्या सातबाऱ्यावर दुसरा. दोन्हींचा मेळ घालायचा तर मधला कागद सापडायला हवा.

शासनाच्या भूमी अभिलेख विभागाने ई-अभिलेख कार्यक्रमात जुने सातबारे, फेरफार वगैरे स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर ठेवायला घेतले आहेत. तिथे जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि गट किंवा सर्व्हे नंबर देऊन कागद शोधायचा असतो. म्हणजे पोत्यावर जशी चिठ्ठी बांधलेली असते, तशी प्रत्येक कागदाला माणसाने चिठ्ठी बांधलेली आहे. चिठ्ठीवर जे लिहिले तेवढेच शोधता येते. पोत्याच्या आतला दाणा शोधायचा तर अक्षर-ओळख लागते. आपल्या घरच्या कागदांना दोन्ही करून ठेवावे.

घरी करायचे काम

हे काम पावसाळ्यापूर्वी करा. उन्हाळ्यात कागद कोरडे असतात आणि शेतातही थोडी उसंत असते.

पहिले, कागद साफ करा. मऊ कोरड्या कापडाने किंवा ब्रशने धूळ झाडा. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, ती पुढे पिवळी पडून अक्षरे घेऊन निघते. लॅमिनेशनही करू नका.

दुसरे, छापील आणि हाती लिहिलेले कागद वेगळे करा. यंत्र छापील कागद चांगले वाचते, हाताचे अक्षर फारसे नाही.

तिसरे, फोटो नीट काढा. कागद सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वरून धरा, दिवसाच्या उजेडात काढा आणि आपली सावली पानावर पडू देऊ नका. सेवा केंद्रात स्कॅन करून घेत असाल तर इंचाला तीनशे ठिपके ठेवायला सांगा. पान उलटे किंवा आडवे राहू देऊ नका. बी जसे असेल तसे पीक. धुरकट फोटोतून स्वच्छ अक्षर निघत नाही.

चौथे, प्रत्येक कागदाला नाव द्या. आधी साल, मग कागदाचा प्रकार, मग गाव, मग नंबर. उदाहरणार्थ, "१९६१ फेरफार, गावाचे नाव, सर्व्हे नंबर". साल आधी टाकले की कागद आपोआप सालवारीने लागतात. साडेतीनशे पानांची एक मोट बांधू नका. वीस-पंचवीस पानांचे जुडगे करा.

पाचवे, अक्षर-ओळख करा. थोडी पाने असतील तर फोटो गूगल ड्राइव्हमध्ये चढवून तो गूगल डॉक्सने उघडा. वर फोटो आणि खाली मजकूर येतो. एखाद-दुसऱ्या पानासाठी मोबाइलमधले गूगल लेन्सही चालते. पाने जास्त असतील तर कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला संगणकावर टेसरॅक्ट घालायला सांगा. त्याला पैसे पडत नाहीत आणि कागद घराबाहेर जात नाहीत. भाषा विचारली तर हिंदी नव्हे, मराठी निवडा. लिपी एक असली तरी आपला ळ आणि आपली शब्दांची वळणे हिंदीत कुठली सापडायला?

सहावे, प्रती ठेवा. एक मोबाइलमध्ये, एक पेनड्राइव्हवर घरात आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. बँकेचे आणि आधारचे कागद मात्र कुठल्याही अनोळखी ॲपमध्ये चढवू नका.

शोधायचे कसे

आबांची पीडीएफ आम्ही अशीच सोडवली. नातू हुशार होता. रात्रभरात त्याने पाने सुटी केली आणि अक्षर-ओळख करून घेतली. सकाळी पुन्हा पणजोबांचे पूर्ण नाव टाकले. पुन्हा काही नाही! पोरगा खट्टू झाला.

मी आबांना विचारले, "आबा, तुमच्या वडिलांना गावात काय म्हणून हाक मारायचे?" ते हसले. पाळण्यातले नाव एक, गावात रूढ झालेले दुसरे आणि कारकुनाने कागदावर लिहिलेले बहुधा तिसरेच. जुन्या कागदांत ज्ञानदेवाचा ग्यानू होतो, दत्तात्रयाचा दत्तू होतो. त्यात यंत्राने एखादे अक्षर चुकवलेले असते. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. नावाचा दोन-तीन अक्षरी तुकडा टाका. ब असेल तिथे व घालून पाहा. आडनाव सापडत नसेल तर सर्व्हे नंबर टाका. आकडा मराठीतही टाका आणि इंग्रजीतही टाका, कारण यंत्र कधी एकात लिहिते, कधी दुसऱ्यात.

घरातल्या बायकांची नावे शोधताना माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही टाका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला. त्यामुळे वारसनोंदीसाठी आत्या आणि बहिणी यांची नावे जुन्या कागदांत शोधायची वेळ अनेक घरांवर येते.

आम्ही जुना सर्व्हे नंबर टाकला आणि दोनशे सत्तेचाळिसाव्या पानावर पिवळा पट्टा उमटला. तीच यादी. आबांच्या वडिलांचे नाव तिथे होते, अर्धे चुकलेले, पण होते. आबांनी मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आठ गुंठ्यांची चूक

पुढची चूक माझी. उत्साहाच्या भरात मी यंत्राने काढलेल्या मजकुरावरून अर्जाचा मसुदा लिहिला. बुडालेले क्षेत्र लिहिले, दोन एकर अकरा गुंठे. नातवाने मसुदा घरी नेला. संध्याकाळी आबांच्या सुनेचा फोन आला.

"साहेब, मी मूळ कागद भिंग लावून बघितला. अकरा न्हाईत, एकोणीस हाईत. ह्यो एक न्हाय, नऊ हाय."

छपाई जुनी, शाई फिकी. नऊचे पोट पुसले गेले होते आणि यंत्राने त्याचा एक केला होता. आठ गुंठे गेले असते. एक गुंठा एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांचा. हिशेब तुम्हीच करा. त्या माउलीने भिंग लावले नसते तर साठ वर्षांनी सापडलेल्या कागदाने त्या घराचे नुकसानच केले असते, आणि तेही माझ्या हाताने.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. यंत्राने कागद शोधून द्यावा, पण आकडा माणसाने मूळ कागदावरून घ्यावा. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने मजकूर तपासायचा. नावे, सालवार, नंबर आणि क्षेत्र या चार गोष्टी तरी अशा दुहेरी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक आणि नऊ, पाच आणि सहा यांच्याकडे जास्त लक्ष द्या.

हाताचे अक्षर आणि मोडी

आबांच्या पेटीत काही कागद मोडीत होते. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी वापरात होती, त्यामुळे जुन्या घरांत असे कागद हमखास निघतात. मोडी अक्षरांना संगणकाच्या जागतिक लिपीसंचात २०१४ साली जागा मिळाली खरी, पण हाती लिहिलेली मोडी घरच्या मोबाइलने वाचून काढावी, अशी आशा ठेवू नका. तिथे मोडी जाणणारा माणूसच हवा. तलाठ्याच्या हाताचे जुने फेरफारही यंत्राला नीट उमगत नाहीत.

अशा कागदांसाठी जुनाच उपाय चांगला. एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक कागदाला नंबर द्या आणि वहीत चार रकाने पाडा: नंबर, साल, कशाचा कागद आणि त्यातली नावे. मोडीचा कागद जाणकाराकडून वाचून घ्या आणि सार देवनागरीत वहीत उतरवा. नंतर हीच वही मोबाइलमध्ये टाइप केली की हाताने लिहिलेला कागदही नावाने शोधता येतो. घरात दहावी-बारावीतली मुलगी असेल तर चार सुट्ट्यांत हे काम होते. आजोबांजवळ बसून ती लिहील तेव्हा कागदांमागची हकिकतही तिला कळेल. ती कुठल्याच यंत्रात नाही.

पुरावा कोणता

शेवटी एक सावधगिरी. अक्षर-ओळखीने निघालेला मजकूर हा पुरावा नव्हे. मोबाइलमधला फोटोही कार्यालयात पुरेसा होत नाही. त्यांचा उपयोग एवढाच की कोणता कागद, कोणत्या सालचा आणि कोणत्या नंबरचा, हे तुम्हाला नेमके सांगता येते. मग त्या तपशिलाने संबंधित कार्यालयात अर्ज करून प्रमाणित नक्कल घ्या. १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा चालतो, तो त्यावरच्या स्वाक्षरीमुळे. आणि मूळ कागद कधीही टाकून देऊ नका. स्कॅन झाले म्हणून जुने कागद चुलीत घातलेली घरे मी पाहिली आहेत. नंतर ती हळहळली.

"अमुक सालची यादी बघा" असे मोघम सांगणाऱ्याला खेपा घालाव्या लागतात. साल, पान आणि नंबर सांगणाऱ्याचे काम लवकर होण्याची आशा तरी असते. आबांनी दुरुस्त केलेल्या अर्जात हे तिन्ही लिहिले आणि नकलेसाठी तो दिला. पुढचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. पण "कागद गावत न्हाय" हे दुःख तरी संपले.

निघताना आबा म्हणाले, "साहेब, आमचं गाव पाण्याखाली हाय, ते काय आता दिसायचं न्हाय. पर गावाचं नाव कागदावर घावलं, लई झालं."

मंडळी, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. यंदाचा मिरग लागायच्या आत ती खाली उतरवा. घरातली म्हातारी माणसे आणि शिकती पोरे एका चटईवर बसवा. एकाने वाचावे, एकाने फोटो काढावा, एकीने वही लिहावी. आणि जवळ एक भिंग असू द्या.